वाकड्या पावलांची सरळ वाट

मूल पहिले पाऊल टाकते तो क्षण प्रत्येक घरात आनंदाचा असतो. परंतु काही मुलांचे पाऊल जन्मतःच आत वळलेले असते, तर काहींचे एखाद्या आजारानंतर वाकडे होते. टाच जमिनीला टेकत नाही, तळवा आतल्या बाजूस फिरतो आणि मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन चालू लागते. वैद्यकशास्त्रात अशा पावलाला क्लबफूट असे नाव आहे. पाऊल आणि घोटा यांच्या विकारांवर उपचार करणे ही आज अस्थिशल्यचिकित्सेची एक विशेष शाखा झाली आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र अशी शाखा नव्हती, तिचे शिक्षण नव्हते आणि ते देणारे गुरूही क्वचितच भेटत. त्या काळात स्वतः वाकड्या पावलाने चालणारा एक तरुण आपल्या व्यंगावरचा उपाय शोधत परदेशी गेला. तेथे तो आधी रुग्ण झाला, मग शिष्य झाला आणि पुढे आपल्या देशातील असंख्य मुलांचा आधार झाला. त्याचे नाव विल्यम जॉन लिटल. प्रस्तुत पाठात आपण त्यांच्या जीवनाचा परिचय करून घेणार आहोत.

बालपण आणि व्यंग

विल्यम जॉन लिटल यांचा जन्म ७ ऑगस्ट १८१० रोजी लंडनमध्ये झाला. शहराच्या ऑल्डगेट या गजबजलेल्या भागात त्यांचे आईवडील प्रवाशांसाठी खाणावळ व विश्रामगृह चालवीत असत. विल्यम अगदी लहान असतानाच त्याला एका आजाराने गाठले. आज आपण त्या आजाराला पोलिओ म्हणतो. आजार ओसरला, परंतु जाताना तो विल्यमच्या डाव्या पायाची शक्ती घेऊन गेला.

आपले पाऊल सरळ राहते, याचे कारण त्याला चारही बाजूंनी ओढून धरणाऱ्या स्नायूंचा समतोल होय. यांपैकी काही स्नायू लुळे पडले की उरलेले स्नायू पावलाला आपल्याकडे ओढत राहतात. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला एका जाड, पांढऱ्या दोरीसारख्या बंधाने जोडलेले असतात. या बंधाला कंडरा म्हणतात. विल्यमच्या पायातील ही कंडरा आखडली. टाच वर ओढली गेली आणि पाऊल आत वळले.

त्या काळी अशा व्यंगावर खात्रीचा उपाय नव्हता. लाकडाच्या पट्ट्या, लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे आणि जड बूट यांच्या साहाय्याने पाऊल सरळ करण्याचे प्रयत्न होत. त्यांतून रुग्णाला वेदना पुष्कळ होत, पण गुण क्वचितच येई. सुप्रसिद्ध इंग्रज कवी लॉर्ड बायरन यांच्या पावलातही जन्मापासून व्यंग होते. उमराव घराण्यातील या कवीलाही लहानपणी केलेल्या उपचारांचा लाभ झाला नाही. मग सामान्य घरातील मुलांची अवस्था काय असेल, याची कल्पना करता येते.

लंगडत चालणाऱ्या विल्यमच्या वाट्याला सोबत्यांचे चिडवणेही आले. धावण्याच्या खेळात मागे पडणारा हा मुलगा अभ्यासात मात्र पुढे राहिला. इंग्लंडमधील शाळांनंतर काही काळ तो फ्रान्समधील सेंट-ओमेर येथे शिकला आणि तेथे फ्रेंच भाषा त्याने चांगली आत्मसात केली. परक्या भाषेत शिकण्याची आणि परक्या लोकांत राहण्याची ही सवय पुढे त्याच्या फार उपयोगी पडली.

वैद्यकीची उमेदवारी

आपल्या पायावर कोणालाच इलाज का सापडत नाही, हा प्रश्न विल्यमच्या मनात घर करून होता. त्याने वैद्यकीचा मार्ग निवडला. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास एका औषधी देणाऱ्या वैद्याच्या हाताखाली त्याची उमेदवारी सुरू झाली.

त्या काळातील इंग्लंडमध्ये वैद्यकीचा व्यवसाय तीन थरांत विभागलेला होता. विद्यापीठाची पदवी घेतलेले चिकित्सक सर्वांत वरचे मानले जात. हाताने शस्त्र चालवणाऱ्या शल्यचिकित्सकांचा मान त्यांच्याहून कमी होता. एकेकाळी लंडनमधील न्हावी आणि शल्यचिकित्सक यांचा एकच संघ होता, तो १७४५ मध्ये वेगळा झाला. १८०० मध्ये शल्यचिकित्सकांचे रॉयल कॉलेज स्थापन झाले, तेव्हा कोठे या विद्येला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळू लागली. तिसरा थर औषधी तयार करून देणाऱ्या वैद्यांचा होता. सामान्य माणूस आजारी पडला की बहुधा त्यांच्याकडेच धाव घेई.

उमेदवाराने औषधे कुटावीत, मलमे कालवावीत आणि गुरूबरोबर रुग्णांच्या घरी जावे, अशी तेव्हाची रीत होती. सुमारे दोन वर्षे हे काम केल्यावर १८२८ मध्ये विल्यम लंडन हॉस्पिटल या मोठ्या रुग्णालयात विद्यार्थी म्हणून दाखल झाला. रुग्णशय्येजवळ उभे राहून आजाराची लक्षणे पाहावीत, शस्त्रक्रिया निरखाव्यात आणि शवविच्छेदन करून शरीराची रचना जाणून घ्यावी, हेच तेथील शिक्षण होते. भूल देण्याची विद्या अद्याप अवगत नव्हती. रुग्णाला घट्ट धरून ठेवावे लागे आणि शल्यचिकित्सकाचे कौशल्य त्याच्या हाताच्या वेगावरून जोखले जाई. जंतूंमुळे जखम चिघळते, हे ज्ञानही वैद्यकाला झालेले नव्हते. शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही नंतर जखमेत पू होऊन अनेक रुग्ण दगावत.

१८३२ मध्ये लिटल यांनी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सची परीक्षा देऊन तेथील सभासदत्व मिळवले. आता ते मान्यताप्राप्त शल्यचिकित्सक झाले होते. वय होते बावीस वर्षांच्या आसपास. परंतु हातात आलेल्या प्रमाणपत्रामुळे त्यांच्या मनातील प्रश्न सुटला नव्हता. इतकी वर्षे शिकूनही आपले स्वतःचे पाऊल सरळ कसे करावे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. कारण ते शिकवणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

नकारांचे दिवस

आखडलेली कंडरा कापली तर टाच खाली येईल, हा विचार अगदीच नवा नव्हता. फ्रान्समधील माँपेलिये येथील शल्यचिकित्सक देल्पेश यांनी १८१६ मध्ये एका मुलाच्या टाचेची कंडरा कापली होती. परंतु जखमेत पू झाला आणि ती बरी होण्यास फार काळ लागला. देल्पेश यांनी पुन्हा त्या वाटेला जाण्याचे टाळले. ही हकीकत वाचलेल्या बहुतेक शल्यचिकित्सकांचे मत असे झाले होते, की व्यंगासह जगणे परवडले, पण टाचेवर शस्त्र चालवून जीव धोक्यात घालणे नको.

लंडनमधील अनुभवी मंडळींनी लिटल यांनाही हाच सल्ला दिला. तो सल्ला चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. त्या वेळच्या अनुभवानुसार तो शहाणपणाचाच होता. लिटल यांनीही तो धुडकावून लावला नाही. मात्र देल्पेश यांची जखम का चिघळली आणि ती चिघळू न देता हेच काम करता येईल काय, या प्रश्नाचा त्यांनी पिच्छा सोडला नाही.

याच सुमारास लंडनमधील रुग्णालयात शल्यचिकित्सकाची जागा मिळवण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. मायदेशी मार्ग खुंटल्यावर १८३४ मध्ये त्यांनी जर्मनीची वाट धरली. बर्लिन हे तेव्हा वैद्यकीय संशोधनाचे मोठे केंद्र होते. योहानेस म्युलर यांच्यासारखे श्रेष्ठ शरीरशास्त्रज्ञ तेथे अध्यापन करीत होते. लिटल यांनी तेथे पुन्हा विद्यार्थी होऊन अभ्यास सुरू केला. पदवीधर झालेल्या माणसाने परक्या देशात, परक्या भाषेत, पुन्हा बाकावर बसणे सोपे नसते. लिटल यांनी त्यात कमीपणा मानला नाही. परंतु शस्त्रक्रियेच्या बाबतीत बर्लिनमध्येही त्यांना फारसे उत्तेजन मिळाले नाही.

हॅनोव्हरची शस्त्रक्रिया

लिटल यांच्या कानावर आता एक नवे नाव आले. हॅनोव्हर या शहरात लुई स्ट्रोमायर नावाचे एक शल्यचिकित्सक होते. वयाने ते लिटल यांच्यापेक्षा अवघ्या सहा वर्षांनी मोठे होते. बर्लिनमधील प्राध्यापकांइतका त्यांचा दबदबा नव्हता, पण १८३१ पासून ते टाचेची कंडरा कापून पावलाचे व्यंग दूर करीत होते आणि त्यांच्या रुग्णांच्या जखमा चिघळत नव्हत्या.

स्ट्रोमायर यांची युक्ती साधी होती. कंडरा उघडी करण्यासाठी ते त्वचेला मोठा छेद देत नसत. एक अरुंद, निमुळते पाते त्वचेतील बारीक छिद्रातून आत सरकवून त्वचेखालीच ते कंडरा कापत. बाहेर दिसे ती केवळ टोचल्याएवढी खूण. जखम लहान असल्याने ती लवकर भरून येई. नंतर काही दिवस ते पाय तसाच बांधून ठेवत. ती बारीक जखम भरली, की एका उपकरणाच्या साहाय्याने पाऊल रोज थोडे थोडे सरळ केले जाई. कापलेल्या कंडरेच्या दोन टोकांमध्ये नवा बंध तयार होई आणि तो कोवळा असतानाच हळूहळू ताणला गेल्याने कंडरा लांब होई. शस्त्राचे काम क्षणाचे असले तरी खरा उपचार त्यानंतरच्या धीराचा होता.

१८३६ मध्ये लिटल हॅनोव्हरला पोहोचले. त्यांच्यापुढे मोठाच पेच होता. ते नुसते रुग्ण असते, तर डॉक्टरांवर भरवसा ठेवून डोळे मिटून पडले असते. परंतु शस्त्रक्रियेनंतर काय काय घडू शकते, हे त्यांनी लंडनच्या रुग्णालयात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. जखम चिघळली तर पाय कापावा लागेल, कदाचित प्राणही जातील, याची त्यांना पूर्ण कल्पना होती. लंगडत का होईना, पण ते चालत होते, आणि तेही चालणे गमावण्याचा हा धोका होता. स्ट्रोमायर यांची पद्धत त्यांनी समजून घेतली आणि मगच निर्णय केला.

६ जून १८३६ रोजी स्ट्रोमायर यांनी लिटल यांच्या डाव्या टाचेची कंडरा कापली. भूल नव्हतीच. जखम विनासायास भरली. पाऊल हळूहळू वळू लागले आणि काही आठवड्यांत टाच जमिनीकडे येऊन तळवा नीट टेकू लागला. बालपणी लुळ्या पडलेल्या स्नायूंना नवे बळ देणे शस्त्रक्रियेच्या आवाक्यात नव्हते. पण ज्या व्यंगाने वीस वर्षांहून अधिक काळ पाठ सोडली नव्हती, ते दूर झाले.

रुग्ण झाला शिष्य

बरे झाल्यावर लिटल आनंदाने घरी परतले असते, तर ही एका माणसाच्या सुदैवाची कथा ठरली असती. पण ते हॅनोव्हरमध्येच थांबले. ज्यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, त्यांच्याचकडून त्यांनी ती विद्या शिकून घेतली. पाते कोठून घालावे, कंडरा किती ताणून धरावी, आसपासच्या रक्तवाहिनीला धक्का कसा लागू द्यायचा नाही आणि नंतर पाऊल किती वेगाने सरळ करावे, हे सारे त्यांनी गुरूजवळ राहून पाहिले व आत्मसात केले.

त्यानंतर ते बर्लिनला परतले. तेथील ख्यातनाम शल्यचिकित्सक डीफेनबाख यांनी लिटल यांचे सरळ झालेले पाऊल पाहिले आणि ते प्रभावित झाले. पुढे डीफेनबाख यांनी स्वतःच ही शस्त्रक्रिया अनेक रुग्णांवर केली. ज्या शहरात लिटल यांना उत्तेजन मिळाले नव्हते, तेथे त्यांचा पायच पुरावा ठरला.

केवळ हाताचे कौशल्य मिळवून लिटल यांचे समाधान झाले नाही. वाकड्या पावलातील हाडे, स्नायू व कंडरा यांची स्थिती नेमकी काय असते, याचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि लॅटिन भाषेत प्रबंध लिहिला. १८३७ मध्ये बर्लिन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. प्रबंधाचा विषय होता, वाकडे पाऊल.

मायदेशातील कार्य

इंग्लंडला परतताच लिटल यांनी कामास आरंभ केला. २० फेब्रुवारी १८३७ रोजी त्यांनी लंडनमध्ये एका रुग्णाच्या टाचेची कंडरा त्वचेखालून कापली. इंग्लंडमधील ही अशा प्रकारची पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. दोन वर्षांनी, १८३९ मध्ये, क्लबफूट व तत्सम व्यंगांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपण मिळवलेली विद्या आपल्यापाशीच ठेवून धन मिळवण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी ती लिहून सर्वांसाठी खुली केली.

परंतु अशा रुग्णांना सामान्य रुग्णालयांत जागा मिळणे कठीण होते. व्यंग असलेले मूल मरणासन्न नसते आणि त्याच्या उपचाराला मात्र अनेक आठवडे लागतात. या मुलांसाठी वेगळे रुग्णालय हवे, असे लिटल यांना वाटू लागले. त्यांच्या प्रयत्नांतून १८४० मध्ये लंडनच्या ब्लूम्सबरी स्क्वेअर येथे व्यंगोपचारांसाठी स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. १८४५ पासून ते रॉयल ऑर्थोपीडिक हॉस्पिटल या नावाने ओळखले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याचे लंडनमधील अशाच अन्य रुग्णालयांशी एकत्रीकरण झाले. त्यातून उभे राहिलेले रॉयल नॅशनल ऑर्थोपीडिक हॉस्पिटल आजही कार्यरत आहे.

लिटल यांची दृष्टी केवळ पावलापुरती मर्यादित राहिली नाही. काही मुलांचे हातपाय ताठ होतात, ती उशिरा चालू लागतात आणि चालताना त्यांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. अशा मुलांची त्यांनी अनेक वर्षे काळजीपूर्वक नोंद ठेवली. या ताठरपणाचे मूळ पायात नसून मेंदूत आहे आणि अकाली प्रसूती, अवघड बाळंतपण किंवा जन्मताच श्वास कोंडणे यांच्याशी त्याचा संबंध आहे, असा निष्कर्ष त्यांनी १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे मांडला. पुढे कित्येक वर्षे हा विकार लिटल यांचा आजार या नावाने ओळखला जाई. आज त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. त्यामागे आणखीही कारणे असतात, हे आता ज्ञात झाले आहे. तथापि जन्माच्या वेळची घटना आणि नंतरचे अपंगत्व यांतील धागा प्रथम स्पष्टपणे दाखवण्याचा मान लिटल यांच्याकडे जातो.

आपल्या गुरूचे ऋण ते विसरले नाहीत. त्यांनी एका मुलाचे नाव लुई स्ट्रोमायर लिटल असे ठेवले. हा मुलगा पुढे शल्यचिकित्सक झाला. दुसरे पुत्र मुइरहेड लिटल यांनीही अस्थिशल्यचिकित्सेचेच क्षेत्र निवडले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ऑर्थोपीडिक असोसिएशनचे ते पहिले अध्यक्ष झाले. १८८४ मध्ये डॉ. लिटल व्यवसायातून निवृत्त झाले. १८९४ मध्ये केंट परगण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते.

आजची वाट

लिटल यांच्या काळात पावलाची शल्यचिकित्सा शिकण्यासाठी वणवण करावी लागे. आज तो मार्ग आखलेला आहे. आपल्या देशात प्रथम एम.बी.बी.एस. हा अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्षाचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळून साडेपाच वर्षे लागतात. पुढे अस्थिशल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी तीन वर्षे द्यावी लागतात. त्यानंतर ज्याला केवळ पाऊल व घोटा यांवर काम करायचे असते, तो एखाद्या तज्ज्ञाच्या हाताखाली विशेष प्रशिक्षण घेतो. म्हणजे इतकी वर्षे शिकूनही अखेरची पायरी तीच राहते: जाणत्या गुरूच्या शेजारी उभे राहून पाहणे आणि त्याच्या देखरेखीखाली स्वतःच्या हाताने करणे.

उपचारांतही मोठा बदल झाला आहे. स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांनी विसाव्या शतकात नवजात बाळांसाठी एक पद्धत विकसित केली. तिच्यात बाळाचे पाऊल हाताने हळुवार फिरवून दर आठवड्याला नवे प्लास्टर घातले जाते. पाचसहा आठवड्यांत पाऊल बरेच वळते. तरीही टाच खाली येत नसेल, तर बधिर करून टाचेची कंडरा बारीक छिद्रातून कापतात. बहुतेक बाळांना या छोट्या शस्त्रक्रियेची गरज पडते. हॅनोव्हरमध्ये लिटल यांच्या पायावर झाली, तिचीच ही सुधारलेली आवृत्ती होय. त्यानंतर सुमारे चार वर्षांचे होईपर्यंत मुलाला झोपताना विशेष बूट घालावे लागतात. हे बूट मध्येच सोडले तर व्यंग परत येण्याचा संभव असतो. म्हणून डॉक्टरांच्या कौशल्याइतकाच आईवडिलांचा धीरही महत्त्वाचा ठरतो.

आपल्या देशात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या ज्या जन्मजात व्यंगांची तपासणी केली जाते, त्यांत क्लबफूटचा समावेश आहे. ज्या पोलिओने विल्यमचा पाय वाकडा केला, तो आजार लसीकरणामुळे भारतातून हद्दपार झाला असून २०१४ मध्ये तसे अधिकृतपणे जाहीर करण्यात आले. तरीही बाळाचे वाकडे पाऊल हे पूर्वजन्मीचे भोग किंवा ग्रहणाचा परिणाम आहे, असे मानणारे लोक अजूनही आढळतात. अशा समजुतीत उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बाळाला डॉक्टरांकडे नेल्यास ते इतर मुलांप्रमाणे चालू आणि धावू शकते.

विल्यम लिटल यांच्या आयुष्यात शिक्षण एका परीक्षेपाशी संपले नाही. प्रमाणपत्र हाती आल्यावर त्यांचे खरे शिकणे सुरू झाले. त्यांनी मोठ्यांचा सल्ला ऐकला, पण स्वतःचा प्रश्न सोडला नाही. आपल्याहून थोड्याच मोठ्या माणसाला गुरू मानण्यात त्यांना संकोच वाटला नाही, आणि स्वतः सरळ चालू लागल्यावर मागे राहिलेल्यांची आठवण त्यांनी ठेवली. आज देशातील एखाद्या रुग्णालयात डॉक्टर बाळाच्या टाचेवर तो बारीक छेद देतात आणि वर्षभराने ते बाळ दोन्ही तळवे टेकवून उभे राहते, तेव्हा लंगडत हॅनोव्हरला गेलेल्या त्या तरुणाच्या धैर्याचा वाटा त्या पहिल्या पावलात असतो.